आवाहन : पेट्यांना साखर हवी, मंडळाला माणसे हवीत

सप्रेम नमस्कार.

काजूचा हंगाम आटोपला. भट्ट्या विझल्या आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मधपाळ मंडळाच्या सभासदांनी यंदाचा शेवटचा मध काढून बरण्या भरल्या. मृग लागायला आता थोडेच दिवस उरलेत आणि त्याआधी दोन कामे उरकायची आहेत. पावसाळाभर माश्या जगवण्यासाठी साखर आणि साहित्य जमवायचे आहे, शिवाय मंडळाची नवी कार्यकारी समिती निवडायची आहे. साखरेला पैसे लागतात, समितीला माणसे. आम्हाला दोन्हींची गरज आहे, पण खरी ओढाताण माणसांची होते आहे. म्हणून हे पत्र केवळ देणगीदारांसाठी नाही. ज्यांच्याकडे आठवड्यातले दोन-चार तास आहेत, त्यांच्यासाठी ते अधिक आहे.

आधी साखरेचे सांगतो. मधमाश्यांना साखर कशाला, असे पुष्कळजण विचारतात. गोव्यात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळपईपासून घाटाकडे सरकावे तसा तो वाढत जातो. अशा झडीत माशी बाहेर पडू शकत नाही. एखाद्या उघडिपीत पडली, तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. माड आणि पोफळी परागकण देतात, पण तेवढ्यावर पोट भरत नाही. साठवलेला मध संपला की राणी अंडी घालणे कमी करते, मग थांबवते. कामकरी माश्या मरत जातात आणि त्यांची जागा घ्यायला नव्या येत नाहीत. राखायला माश्या नसलेल्या पोळ्यांत मेणपतंग शिरतो, त्याच्या अळ्या मेणात जाळी विणत जातात आणि शेवटी उरलेल्या माश्या राणीला घेऊन पेटी सोडून जातात. आपली पेटीत पाळायची सातेरी माशी स्वभावाने शांत आणि कष्टाळू, पण हाल झाले तर घर सोडायला ती वेळ लावत नाही. श्रावणात पेटी उघडावी आणि आत काळवंडलेली पोळी तेवढी सापडावीत, हे नव्या मधपाळाच्या वाट्याला फार वेळा येते. असे एकदा झाले की बहुतेकजण पेटी माळ्यावर टाकतात आणि पुन्हा खाली उतरवत नाहीत.

हे टाळता येते. टंचाईच्या दिवसांत एका वसाहतीला, म्हणजे एका पेटीतल्या माश्यांना, आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखरेचा पाक द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हिशेब केला तर पेटीमागे साडेतीन किलो साखर होते. आजच्या बाजारभावाने दोनशे रुपयांच्या आत एका पेटीचा पावसाळा निभतो. घराघरांत सध्या पुरुमेंताची तयारी चालू आहे, सुकी मासळी, कोकम, कडधान्ये भरून ठेवणे चालले आहे. माश्यांचेही पुरुमेंत भरायचे आहे, एवढेच आम्ही मागतो आहोत.

मधाचे पैसे पेटीवाल्याला मिळतात, मग साखर गावाने का द्यावी, हा प्रश्नही रास्त आहे. जुन्या सभासदांसाठी आम्ही साखर मागत नाही. त्यांनी शेवटच्या काढणीत मध राखून ठेवावा, सगळा ओरबाडू नये, हे मंडळाचे पहिले शिकवणे आहे आणि बहुतेकजण ते पाळतात. साखर हवी आहे ती जुने घर सोडून निघालेल्या आणि यंदाच पकडलेल्या नव्या थव्यांसाठी, कारण त्यांच्याकडे साठा नसतो, आणि ज्यांनी यंदाच पहिली पेटी घेतली अशा विद्यार्थ्यांसाठी व बायकांसाठी. सातेरीची एक पेटी वर्षाला साधारण ३ ते ५ किलो मध देते. पहिल्या वर्षी तर तेवढाही मिळत नाही, त्यातून साखरेचा खर्च काढणे जिवावर येते.

आणि माशी काही मालकाच्या कुंपणापाशी थांबत नाही. एक-दीड किलोमीटरच्या परिघात ती फिरते. काजूच्या तुऱ्यात काही फुले नुसती नर, काही उभयलिंगी असतात आणि पराग इतका चिकट असतो की तो वाऱ्याने फारसा जात नाही, त्याला कीटक लागतात. तवशी, दोडकी, कारली, भोपळा यांची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. माशी आली नाही तर मादी फुलामागची कोवळी काकडी पिवळी पडून गळते. शेजारच्या भाटात ठेवलेल्या पेटीचा उपयोग तुमच्या मळ्याला होतो. तुम्ही मधमाश्या पाळत नसलात, तरी या साखरेत तुमचा थोडा वाटा असावा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

साखरेखेरीज काही वस्तू हव्या आहेत. हाताने फिरवायचे एक मधयंत्र हवे. सध्याचे एकच यंत्र तालुक्यातल्या ठाणे गावापासून होंड्यापर्यंत गावोगाव फिरते, पाळी येईपर्यंत काहीजण थांबत नाहीत आणि पोळी हाताने पिळतात. पोळे पिळले की पिलावा, म्हणजे आतली अंडी-अळ्या, मरतो, मध गढूळ होतो आणि माश्यांनी महिनोन्महिने बांधलेले मेण वाया जाते. यंत्रात मध काढला तर तेच पोळे पुन्हा चौकटीत बसवता येते. मधातले पाण्याचे प्रमाण मोजणारा एक रिफ्रॅक्टोमीटर हवा. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्या दमट हवेत घाईने काढलेला, झाकण न लागलेला मध हमखास त्यापुढे जातो आणि बरणीत फसफसतो. चेहराजाळ्या आणि धूर करायचे धुरकांडे कोणी दिले तर तेही चालेल. जुन्या पेट्या देणार असाल तर एक विनंती आहे. त्या भारतीय मानकाच्या ‘ए’ प्रकाराच्या असाव्यात. मापे जुळली तरच एका पेटीतली चौकट दुसरीत बसते, दुबळ्या वसाहतीला बळकट वसाहतीतला पिलावा देता येतो. वेगळ्या मापाची पेटी कितीही सुबक असली तरी मंडळाच्या कामाची नाही.

आता माणसांचे. केंद्र सरकारचे राष्ट्रीय मधमाशी पालन व मध अभियान २०२० पासून आहे, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मध अभियान २०१७ पासून आहे, जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा आधारही आहे. योजना चांगल्या आहेत आणि त्यांचा लाभ घ्यायलाच हवा. पण पेटी घरी आल्यावर आठवड्याला झाकण उघडून पाहणारा, नवख्याबरोबर उभा राहून राणी कुठली नि नर कुठला ते दाखवणारा माणूस योजनेतून येत नाही. तो शेजारच्या वाड्यावरूनच यावा लागतो. मंडळ म्हणजे असा शेजार टिकवून ठेवण्याची सोय.

गेली काही वर्षे हा भार ठरावीक माणसांवर पडत आला आहे. सभेत नवी नावे विचारली की सगळे मागच्यांकडे बघतात आणि ‘आहेत तेच राहू देत’ म्हणून टाळ्या पडतात. त्यामागे प्रेम आहे हे आम्हाला कळते. पण अशाने मंडळ एखाद-दुसऱ्या माणसाच्या तब्येतीवर टेकून राहते आणि त्यांनी अंग काढले की सगळेच मोडते. म्हणून या खेपेस एकगठ्ठा पॅनेल टाळ्यांनी संमत होणार नाही. प्रत्येक पदासाठी स्वतंत्र नाव येईल, एकापेक्षा जास्त नावे आली तर चिठ्ठीने गुप्त मतदान होईल आणि सलग दोन मुदती झालेल्यांनी तिसऱ्यांदा उभे राहायचे नाही. मावळत्या समितीतले आम्ही कोठे जाणार नाही. नव्या माणसाबरोबर पहिला पावसाळाभर राहू, वह्या समजावून देऊ, ज्यांच्याशी बोलावे लागते त्यांच्याशी गाठ घालून देऊ.

कोणकोणती कामे आहेत ते नीट सांगतो, कारण पदाच्या नावावरून काहीच उमजत नाही आणि माणूस बिचकतो.

खजिनदाराला मधमाश्यांमधले काही कळले नाही तरी चालते. पावत्या फाडणे, खर्च टिपणे, धनादेशावर दुसऱ्या सहीबरोबर सही करणे आणि सभेत हिशेब वाचून दाखवणे एवढे काम. बँकेतून वा शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या ताईंनी किंवा भाऊंनी हे घेतले तर आमची मोठी काळजी मिटेल. चिटणिसाचे काम कागदांचे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेला वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. ती राहिली की बँक अडवते, योजनेचा अर्ज अडतो. हे काम अवघड नाही, पण वेळच्या वेळी व्हावे लागते.

सर्वांत जास्त माणूस लागतो तो थव्यांसाठी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, फुलोरा वाढू लागला की माश्या घर फोडतात. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघते आणि वाटेत कोणाच्या पडवीत, शाळेच्या खिडकीत, उभ्या स्कूटरवर तासभर, कधी दिवसभर बसते. लोक घाबरतात. रॉकेल, डास मारायचा फवारा, झावळ्यांचा पेटता चुडा, जे हाती येईल ते वापरतात. खरे तर थव्यातल्या माश्यांना राखायला घर नसते, पिल्ले नसतात, त्या क्वचितच डंख मारतात. त्या वेळी एक फोन उचलला गेला, अर्ध्या तासात कोणी पेटी नि पिशवी घेऊन पोचला, तर ती वसाहत वाचते आणि एखाद्या नव्या सभासदाच्या घरी जाते. फोन उचलायला घरात बसलेला माणूस चालेल आणि धावायला गावोगावचे तरुण हवेत. आग्या माशीची पोळी पाण्याच्या टाकीखाली वा उंच इमारतीला लागली तर तिथे आपले काम नाही. ती पेटीत राहत नाही आणि चिडली तर जिवावर बेतते. अशा वेळी लोकांना लांब थांबवणे आणि वनखात्याला किंवा अग्निशामक दलाला कळवणे एवढेच आपण करतो.

चुड्याचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडे आणखी. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी टाकायला यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते कशामुळे लागले याच्या वादात आम्ही पडत नाही. पण मार्च-एप्रिलच्या वाळल्या पाचोळ्यात मधासाठी आग घेऊन जाणे धोक्याचे आहे, हे रानातून मध आणणाऱ्या जुन्या जाणत्यांनाही मान्य आहे. त्यांच्याकडे बसून, त्यांचा मान राखून हे बोलणारा आणि त्यांच्याकडून शिकणारा माणूस समितीत असावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. कुठल्या झाडाच्या ढोलीत दरवर्षी पोळे लागते, किंदळ कधी फुलतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

वसाहत-पाहणीसाठी मात्र अनुभवी हात लागेल. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थायी सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. अळ्या कातडीच्या पिशवीत पाणी भरावे तशा होऊन मरतात आणि त्यावर औषध नाही. दुबळ्या वसाहती वेळीच वेगळ्या करणे, बळकट वसाहतींपासूनच पुढची वाढ करणे, बाहेरगावच्या पेट्या न तपासता आत न आणणे, एवढेच हाती असते. त्यासाठी महिन्याला एक फेरी आणि एक वही. काजूवर ढेकण्या या किडीसाठी फवारणी कधी होणार हे बागायतदारांकडून आधी कळवून घेणे हेही याच कामात येते. फुले उमललेली असताना भर सकाळी फवारले तर माश्या पोळ्यावर परत येत नाहीत. फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर केली तर दोघांचेही भागते, आणि विनंती केली की बागायतदार ऐकतात.

आणखी एक बदल. सभासदत्व आजवर घराच्या नावावर होते, त्यामुळे मत घरातल्या कर्त्या पुरुषाचे. पण परसात जाऊन पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी घालणारी, गांधीलमाश्या हाकलणारी, पाक करणारी बहुतेक ठिकाणी घरची बाई असते. यापुढे सभासदत्व माणसाच्या नावावर असेल आणि एका घरातून दोन सभासद असू शकतील. तसा ठराव सभेपुढे सर्वांत आधी येईल, म्हणजे त्याच दिवशी नव्या सभासद भगिनींना मत देता येईल आणि उभेही राहता येईल. हा ठराव मंजूर व्हावा यासाठी प्रत्येकाने यावे.

सभा २० मे या जागतिक मधमाशी दिनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, नेहमीच्या शाळेत होईल. उमेदवारीसाठी छापील अर्ज नाही. कोऱ्या कागदावर आपले नाव, पद आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्या आदल्या शुक्रवारपर्यंत आपल्या गावच्या प्रतिनिधीकडे द्याव्यात. साखर त्याच दिवशी सभेला आणता येईल, किंवा गावच्या प्रतिनिधीकडे पोचवावी. रोख देणगीची पावती घेतल्याशिवाय कृपया पैसे देऊ नयेत. बँक खात्याचा तपशील पावतीपुस्तकावर छापला आहे. पणजी, मडगाव, मुंबईला असलेल्या गाववाल्यांनी घरच्या माणसांकडून तो मागवून घ्यावा. आलेली साखर कोणत्या पेट्यांना गेली त्याची यादी गणेशचवथीपूर्वी प्रत्येक देणगीदाराला कळवू.

आपले,
मावळत्या कार्यकारी समितीच्या वतीने,
चिटणीस