खुब्याचं ऑपरेशन मान्य, पण त्यात लुळं पडलेलं पाऊल अमान्य : विमा कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग
(कंपनीचं नाव, माझं नाव आणि पॉलिसी क्रमांक मूळ पत्रात आहेत. इथे मुद्दाम गाळले आहेत.)

विषय : खुब्याचा सांधा बदलताना झालेल्या नसेच्या इजेच्या उपचारखर्चाचा दावा नाकारल्याबाबत

स. न. वि. वि.

मी वाईत राहते, वय ५८. तीस वर्षं घरीच ब्लाउज शिवते. तुमच्या कंपनीची पॉलिसी २०१३ पासून आहे आणि एकही हप्ता चुकलेला नाही. माझा उजवा खुबा जन्मापासून निखळलेला. तो पाय तीन सेंटीमीटर आखूड, म्हणून जाड तळाची चप्पल घालून लंगडत चालायचे. पॉलिसी घेताना फॉर्मवर हे स्पष्ट लिहिलं होतं. झाकलेलं काहीच नाही, आणि झाकणार तरी कसं, चार पावलं चालले की कुणालाही दिसायचं.

११ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात खुब्याचा सांधा बदलला. १७ तारखेला घरी सोडलं. हॉस्पिटलच्या बिलाचे ३ लाख ४२ हजार रुपये तुम्ही कॅशलेसमध्ये दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही, उलट आभार आहेत. तक्रार आहे ती पुढच्या साठ दिवसांच्या बिलांची, घरी सोडल्यानंतरचे जे साठ दिवस पॉलिसीत धरलेले आहेत त्यांची. एकूण ४१,८६० रुपयांची बिलं पाठवली, २ जूनच्या पत्रानं तुम्ही ती सगळी नाकारलीत. टाके काढल्याचे तेवढे ६५० रुपये वेगळे मंजूर केलेत.

पत्र इंग्रजीत होतं, मुलानं फोनवर वाचून दाखवलं. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, पावलाचा त्रास हा ‘नसांचा वेगळा आजार’ आहे, ज्यासाठी मी भरती होते त्याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन, एमआरआयमध्ये कमरेची चकती सरकलेली दिसते, म्हणजे दुखणं जुनं आहे. तीन, तुमच्या तपासनिसाला मी ‘स्वतंत्रपणे चालताना आणि शिलाईचा व्यवसाय करताना’ आढळले.

पहिल्या मुद्द्यासाठी मला ११ तारखेची संध्याकाळच सांगावी लागेल.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली होती. पाचच्या सुमारास ती उतरायला लागली. आधी डाव्या पायाची बोटं हलली. मग उजवी मांडी आवळता आली, गुडघाही जरासा हलला. पाऊल मात्र वर येईना. मी आपली मनातल्या मनात ‘ये, ये’ म्हणतेय आणि ते चादरीखाली ओल्या फडक्यासारखं पडलेलं. सिस्टर म्हणाली, काकू, भूल उतरायला वेळ लागतो. रात्री दहा वाजता तीच म्हणाली, सरांना बोलावते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी अंगठा धरून विचारलं, वर ओढा बघू. मी ओढला. म्हणजे मला वाटलं, ओढला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, तो हललेलाच नाही.

ही नोंद १२ फेब्रुवारीच्या केसपेपरवर आहे : ‘उजवा फूट ड्रॉप’, म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. डिस्चार्ज कार्डावरही आहे. दोन्ही कागद तुमच्याकडे आहेत, कारण त्यांच्याच आधारावर तुम्ही साडेतीन लाखांचं बिल दिलंत. त्याच फाइलमध्ये मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही केलेलं संमतीपत्र आहे. त्यात छापलेल्या धोक्यांमध्ये सायाटिक नसेला, म्हणजे कमरेतून खुब्यामागून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेला, इजा होण्याचा उल्लेख आहे. सर्जननी तो मला तोंडीही समजावला होता. अशी इजा साधारण शंभरात एकाला होते, पण तुमच्यासारखा जन्माचा निखळलेला खुबा असेल आणि पाय लांब करायचा असेल तर धोका जास्त, असं ते म्हणाले. मला ते लगेच पटलं. कापड आटलेलं असताना माप पुरवण्यासाठी ओढून शिवलं की शिवणीपाशी ते विरतंच. माझा पाय तीन सेंटीमीटर लांब झाला, नसेला तेवढं ताणता आलं नाही. सर्जनवर माझा राग नाही. त्यांनी आधी सांगितलं, नंतरही लपवलं नाही. आता दोन्ही पाय एका मापाचे आहेत, जन्मात पहिल्यांदा. आणि आता पाऊल लोंबतं.

ज्या धोक्यावर ऑपरेशनआधी माझी सही घेतली, तो ऑपरेशननंतर काही तासांत उभा राहिला. तो ‘वेगळा आजार’ कसा, हे मला तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्यायचं आहे.

टाके काढायला चौदाव्या दिवशी गेले तेव्हाचा कागदही पाहा. एकाच पानावर वर लिहिलंय ‘टाके काढले, जखम कोरडी’, आणि खाली लिहिलंय ‘फूट ड्रॉप कायम, एनसीव्ही (नसेची तपासणी) करावी, फिजिओथेरपी सुरू ठेवावी’. वरच्या दोन ओळींचे पैसे तुम्ही दिलेत. खालच्या दोन ओळी कुणी वाचल्याच नाहीत की वाचून सोडल्या?

आता कमरेची चकती. तीस वर्षं मशीनवर वाकून बसलेल्या बाईची चकती जागेवर असती तरच नवल. पण तो एमआरआय काढला कशासाठी होता? नस मणक्यापाशी तर दबलेली नाही ना, हे पाहायला न्यूरॉलॉजिस्टनीच सांगितला होता. अहवालाची शेवटची ओळ आहे : ‘नसेच्या मुळावर दाब नाही’. तुम्ही त्याच्या वरची ओळ उचललीत.

१५ मार्चला साताऱ्यात एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून करतात ती तपासणी) झाली. आधी का नाही, असंही तुमच्या पत्रात विचारलंय. नस तुटल्या-दबल्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, लवकर केली तर तपासणी अर्धवट येते, म्हणून. त्या दिवशी डॉक्टरांनी पायात जागोजागी सुया घातल्या. सुई माझ्या रोजच्या हातातली, तिची भीती नाही, पण स्नायूत सुई असताना ‘आता ताकद लावा’ म्हणतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. मांडीच्या मागे एका लहानशा स्नायूत ते बराच वेळ सुई फिरवत होते. मी विचारलं, दुखणं पावलात आणि तुम्ही मांडीत काय शोधताय? ते म्हणाले, सायाटिक नसेचा जो बाहेरचा भाग पुढे पावलाकडे जातो, त्याच्यावर गुडघ्याच्या वर हा एकटाच स्नायू चालतो. हा बिघडलेला असेल तर इजा गुडघ्याच्या वर आहे. तो बिघडलेला निघाला. मग कमरेच्या मणक्यालगतच्या स्नायूंत सुई घातली, ते ठीक निघाले. शिवाय नस मणक्यात मुळापाशी दबली असेल तर पावलाच्या वरच्या कातडीच्या संवेदनेचा आलेख सहसा शाबूत राहतो. माझा आलाच नाही, सपाट रेघ.

गुडघ्याच्या वर आणि मणक्याच्या खाली. त्यांच्यामध्ये खुबा आहे. हे सगळं अहवालाच्या दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर नुसते आकडे आहेत. कदाचित तुमच्याकडे पहिलंच पान स्कॅन झालं असेल, म्हणून दुसऱ्याची प्रत पुन्हा जोडली आहे.

आणि वादासाठी धरून चालू, दुखणं कमरेचंच आहे आणि जुनं आहे. तरी माझी पॉलिसी बारा वर्षांची आहे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सलग साठ महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुनं दुखणं लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. मी तर लपवलंही नव्हतं.

तपासनिसाबद्दल. मे महिन्यात एक पंचविशीतला मुलगा आला. स्वभावानं चांगला, चहा घेतला. म्हणाला, आत्या, जरा चालून दाखवा. मी पायात प्लॅस्टिकचा पट्टा चढवला, जो पाऊल काटकोनात धरून ठेवतो, आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. त्यानं टॅबवर काहीतरी टिपलं. पट्ट्याशिवाय चालून दाखवू का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, नको, पडाल. ते वाक्य त्याच्या अहवालात आलं नाही. पट्ट्याशिवाय मी कशी चालते, तर नदीच्या पाण्यातून चालल्यासारखी, गुडघा उंच उचलून, आणि पाऊल फरशीवर थपकन आपटतं. घरातले आवाजावरून ओळखतात, आई उठली.

शिलाईचं म्हणाल तर मशीनचा फोटो त्यानं काढला, मशीनला लावलेली मोटर त्याला दिसली नाही. पायानं मशीन मारता येत नाही म्हणून ती बसवली, आणि तिचा पेडल डाव्या पायाखाली आहे. पूर्वी दिवसाला चार ब्लाउज व्हायचे, आता दोन. त्यातही दुपारी नसेच्या दुखण्यावरची प्रीगॅबलिनची गोळी घेतली की काज करता करता डुलकी लागते.

दुखणं कागदावर येत नाही, हे मला मान्य आहे, पण ऐकून घ्या. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर आहे आणि तिथेच आग होते. दोन्ही एकाच जागी कसं, हे मलाही कोडं होतं. रात्री चादर लागली तरी इस्त्रीचा चटका बसल्यासारखं होतं, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. म्हणून बांबूच्या टोपलीची बाजू कापून ती पायावर पालथी घालते आणि वरून चादर ओढते. मार्चमध्ये शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले. सकाळी पाहते तर रुपयाएवढा फोड. खरा चटका बसला तेव्हा कळलं नाही, आणि ज्याचा चटका बसलाच नाही त्याची आग रात्रभर. उजव्या पायातली चप्पल वाटेत कधी निसटते तेही कळत नाही. एकदा गणपती घाटाच्या पायऱ्यांपर्यंत एकाच चपलेनं गेले, मागून एका पोरानं दुसरी आणून दिली.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, नस बरी होत असेल तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. घरी येऊन टेप घेतली आणि खुब्यापासून नडगीच्या त्या स्नायूपर्यंत मोजलं, ४५ सेंटीमीटर. म्हणजे साडेचारशे दिवस, पंधरा महिने, तेही नशिबानं साथ दिली तर. तुमचे साठ दिवस १८ एप्रिलला संपले, त्यात नस पोहोचली असेल फार तर सहा सेंटीमीटर. पुढच्या ३९ सेंटीमीटरचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. पॉलिसीत साठ दिवस लिहिलेत, मी साठच दिवसांचे मागते.

त्यातही पावलाच्या पट्ट्याचे ३,८०० आणि वॉकरचे १,६०० मी सोडते. अशा वस्तू न देण्याच्या यादीत आहेत, हे मी पॉलिसीत वाचलं. (ज्या पट्ट्याच्या जोरावर तपासनिसानं मला ‘स्वतंत्रपणे चालणारी’ ठरवलं त्याचेच पैसे देय नाहीत, एवढं नोंदवून पुढे जाते.) उरलेली बिलं अशी : फिजिओथेरपी तीस वेळा, १५,००० रुपये, एमआरआय ७,५००, एनसीव्ही-ईएमजी ४,५००, न्यूरॉलॉजिस्टच्या तीन भेटी ३,००० आणि औषधं ६,४६०. एकूण ३६,४६० रुपये. सगळी सर्जनच्या किंवा न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवरची, सगळी १७ फेब्रुवारी ते १८ एप्रिलमधली.

हेल्पलाइनवर मी नऊ वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून भूल उतरण्याची गोष्ट. ॲपवरच्या चॅटनं शेवटी विचारलं, ‘आपल्या शंकेचे निरसन झाले का?’ मी ‘नाही’ दाबलं. ‘धन्यवाद’ आलं आणि खिडकी बंद झाली.

माझं म्हणणं एवढंच. ३६,४६० रुपये मंजूर करावेत. ते जमत नसेल तर पॉलिसीच्या नेमक्या कुठल्या कलमाखाली नाकारता ते कलम क्रमांकासह लिहून द्यावं, आणि तुमच्या दावा पुनरावलोकन समितीनं या नकाराला मंजुरी दिली होती का, तेही. वर उल्लेख केलेल्या परिपत्रकात दोन्ही गोष्टी तुमच्यावर बंधनकारक आहेत, आणि २ जूनच्या पत्रात दोन्ही नाहीत. उत्तर मराठीत द्यावं, मला स्वतःला वाचायचंय. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि वाईहून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. बसच्या पायरीवर उजवा पाय हातानं उचलून ठेवावा लागतो, पण त्याची सवय झाली आहे.

तुमच्या डॉक्टरांना मला तपासायचं असेल तर जरूर यावं. या वेळी पट्ट्याशिवाय चालून दाखवीन. फोन करणार असाल तर चारनंतर करा, दुपारच्या गोळीनं तोवर झोप लागलेली असते.

कळावे,
आपली पॉलिसीधारक,
वाई, जि. सातारा