एक वाट, दोन वेग: उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

माननीय उद्यान अधीक्षक,

सविनय नमस्कार.

उद्यानातील जुन्या वाटेवर काँक्रीट घालायचे, मधोमध रंगाचा पट्टा ओढायचा आणि एक बाजू चालणाऱ्यांना, दुसरी सायकलस्वारांना द्यायची, असा प्रस्ताव आपल्यापुढे आला, तर कृपया त्यावर सही करण्यापूर्वी गर्दीच्या वेळी त्या वाटेवरून एक फेरी मारावी.

चालणाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर असतो, सायकलचा १५ ते २०. ताशी २० किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. समोर अचानक मूल आले, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते आणि सायकल पुरती थांबायला एकूण दहाएक मीटर लागतात. रंगाचा पट्टा त्या मुलाला अडवत नाही, आणि खरे सांगायचे तर गप्पांत रंगलेल्या आम्हा ज्येष्ठांनाही अडवत नाही. म्हणून जागा असेल तेथे दोन वाटांच्या मध्ये गवताची किंवा झुडपांची पट्टी ठेवावी आणि वाट अरुंद असेल तेथे सायकलवरून उतरून ती हाताने नेण्याचा नियम करावा. सरसकट बंदी मात्र नको, कारण वाहनांपासून लांब राहून सायकल शिकायला मुलांना दुसरी जागा सहसा नसते.

काँक्रीटबद्दलही लिहिणे भाग आहे. झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरात पसरलेली असतात. वाटेसाठी खोदले की ती तुटतात, वर पक्का थर बसला की त्यांना पाणी आणि हवा कमी मिळते, आणि जी तगतात ती जाड होत जाऊन काही वर्षांत तोच थर उचलतात, मग दुरुस्तीची निविदा निघते. चाकाच्या खुर्चीला आणि सायकलला टणक पृष्ठभाग लागतो, हे मान्य आहे. तो बुंध्यांपासून दूरच्या बाजूने न्यावा. चालण्याची वाट दाबून बसवलेल्या मुरुमाची, पाणी ओसरण्यापुरता सुमारे २ टक्के आडवा उतार दिलेली असली, तरी पुरते, आणि ती गुडघ्यांनाही मानवते.

प्रवेशद्वारावरचे गोल फिरणारे फाटक मोटारसायकलींबरोबर चाकाची खुर्चीही अडवते. त्याऐवजी खांब लावून दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी.

नवा आराखडा करताना लोकांच्या पायांनी हिरवळीवर पडलेल्या पायवाटा आधी नकाशावर उतरवून घ्याव्यात, आणि तो नकाशा काम सुरू होण्यापूर्वी उद्यानाच्या फाटकावर लावावा.

आपला,
उद्यानात रोज चालणारा एक नागरिक