सुलेखनाच्या वहीआधी संजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेजारच्या मुलाची के.जी.ची डायरी परवा त्याच्या आईने दाखवायला आणली. 'अ ते अः, तीन-तीन ओळी, सुवाच्य अक्षरात.' मुलगा साडेचार वर्षांचा. पेन्सिल मुठीत आवळलेली, नखं दाबून पांढरी पडलेली आणि 'अ'च्या काठीपाशी कागद फाटलेला. "काकू, हॅंडरायटिंगचा क्लास लावू का हो?" मी म्हटलं, क्लास राहू दे, बाजारातून भुट्टे आण.

माझी सगळी नोकरी बालवर्गात गेली, म्हणून हे लिहिते आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती नुसती कूर्चा असतात आणि सगळ्यांचं हाड होऊ लागायला नऊ-दहा वर्षं सहज जातात. रेघांनाही वय असतं. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकची खूण चौथ्याच्या सुमारास, त्रिकोण पाचव्याच्या. तिरकी रेघ उशिराच येते. ज्याला अजून त्रिकोण काढता येत नाही, त्याच्याकडून 'र' आणि 'स' घोटून घेऊन रडारड तेवढी पदरात पडते.

आपल्या माळव्यात याची सोय केव्हाचीच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली भिंतीवर संजा मांडतात. शेणाची बारीक वळी करायची, ती भिंतीवर दाबत आकार काढायचा आणि वर तेरड्याची, गुलबक्षीची पाकळी नाहीतर पन्नीचा, म्हणजे चकचकीत कागदाचा, तुकडा चिकटवायचा. पाकळी उचलायला अंगठा आणि तर्जनीच लागते, मुठीने ती चुरगळते. भिंत उभी असल्यामुळे मनगट आपोआप मागे वळतं आणि हात खांद्यातून तोलला जातो. लिहिताना मनगटाची ठेवण हीच हवी. आकारही कसे, तर सप्तमीला सातिया, म्हणजे स्वस्तिक, सगळ्या सरळ रेघा आणि काटकोन. अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, त्यात तिरक्या रेघा आल्या. शेवटी किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला, त्यात तर सगळंच. संजा मुलींची म्हणतात, पण मी वर्गात मुलग्यांनाही बसवत असे. एका आजींनी नाक मुरडलं होतं. नातवाने काढलेला सूर्य पाहून त्याच आजी दुसऱ्या दिवशी परडीभर फुलं घेऊन आल्या.

स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणाऱ्या शहरात फ्लॅटच्या भिंतीला शेण कोण लावू देणार, हे मला कळतं. दाराला पुठ्ठा लावा आणि शेणाऐवजी कणीक घ्या.

भुट्ट्याचं म्हणाल तर कीस आपण किसावा, उसळीचे दाणे मात्र मुलाकडून काढून घ्यावेत. पहिली ओळ आपण चमच्याच्या दांड्याने मोकळी करून द्यायची. पुढचे दाणे तो अंगठ्याने ढकलत जातो आणि अंगठ्याला जोर येतो. घरात कोणाला गव्हले, म्हणजे खिरीसाठी हाताने वळायचे बारीक दाणे, करता येत असतील तर मुलाला शेजारी बसवा. त्याचे गव्हले हरभऱ्याएवढे होतील, खीर जरा जास्त शिजवा. आणि पेन्सिलला लावायच्या महागड्या रबरी ग्रिप घेण्याआधी खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा देऊन पाहा. तो मुठीत धरताच येत नाही, झक मारत तीन बोटांत जातो.

आता आपल्याकडे एक मागणी. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर ठिपक्यांची अक्षरं गिरवायला असतात. पितृपक्षापुरती ती बाजूला ठेवून त्या त्या तिथीचा संजाचा आकार छापाल का? अर्ध्या पानाचा तरी हवा, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर पाकळ्या लावता येतील. खाली संजाचं एखादं मालवी गाणं दिलंत तर उत्तमच. हल्लीच्या आयांना ती पाठ नसतात आणि मुलं गाण्याशिवाय फार वेळ बसत नाहीत.

आपली,
एक निवृत्त बालवर्ग शिक्षिका,
रामबाग, इंदूर