आई, पाटल्या मोडू नकोस

रत्नागिरी

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अंगठीचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत आपले आवाज चढले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. साखरपुड्याच्या अंगठीत हिरा निदान अर्ध्या कॅरेटचा तरी असावा, नाहीतर चार माणसांत बरे दिसणार नाही, आणि त्यासाठी तुझ्या पाटल्या मोडायला तू तयार आहेस, असे आई, तू म्हणालीस. बाबांचे म्हणणे नेमके उलटे होते, की हिऱ्यात पैसे घालणे म्हणजे ते खाडीत टाकणे. मला दोघांचेही थोडे पटते. तरीही अंगठी मी ठरवून आलो आहे आणि ती माझ्या साठवलेल्या 70 हजारांच्या आत बसवली आहे.

हिरा 34 सेंटचा आहे. 100 सेंटचा एक कॅरेट आणि एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, तेव्हा आपला हिरा जेमतेम 68 मिलिग्रॅमचा. आजोबांच्या वेळचे सोनार तराजूत रानातल्या लाल-काळ्या गुंजा टाकीत असत, तशाच तिकडे भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या बिया वजनाला घेत, आणि त्यावरूनच कॅरेट हा शब्द आला. आपल्या मापात सांगायचे तर हा हिरा अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त भरेल. एवढ्याशा खड्यासाठी इतका खल कशाला, असे बाबा म्हणतील, पण खड्यापायी पाटल्या मोडायची गोष्ट निघाली तेव्हा खल करणे भाग पडले.

राम आळीतल्या एका पेढीवर त्यांनी आधी 40 सेंटचा हिरा दाखवला आणि शेजारी हा 34 चा ठेवला. वरून पाहता दोन्ही सारखेच दिसत होते. मला वाटले, माझीच नजर कमी पडते आहे. पण हिऱ्यांसोबतच्या तपासणी-अहवालांतली मापे वाचली तर दोघांचाही व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास निघाला. मोठ्या हिऱ्याचे जास्तीचे वजन सगळे पोटात, म्हणजे खालच्या खोल भागात गेले होते. वजन जास्त राखायचे म्हणून कारागीर कधीकधी हिरा असा खोल ठेवतात. पैसे वजनाचे मोजावे लागतात आणि बोटावर ते दिसत नाही. शिवाय पैलूंचे कोन नीट साधले नसतील तर माथ्यातून आत गेलेला प्रकाश वर परतण्याऐवजी खालून किंवा बाजूने निसटतो आणि मध्ये काळपट सावली राहते. दुकानातल्या दिव्यांखाली तर काचही चमकेल, म्हणून मी दोन्ही हिरे घेऊन दाराशी, पन्हळीखाली उभा राहिलो. बाहेर पावसाळी, राखाडी उजेड होता. त्या उजेडात 40 सेंटचा खडा विझल्यासारखा दिसला आणि 34 चा मात्र हात हलवला की ठिणगी टाकत होता. माझा निर्णय तिथेच झाला.

बाकीच्या गोष्टींत मी काटकसर केली आहे, तीही सांगून टाकतो. हिऱ्याच्या रंगाची प्रत डी या अक्षरापासून मोजतात, डी म्हणजे अगदी रंगहीन, आणि पुढची अक्षरे येतील तशी पिवळट झाक वाढत जाते. आपला हिरा एच रंगाचा आहे. पिवळ्या सोन्यात बसवल्यावर ती किंचितशी झाक कोणाच्या लक्षातही येत नाही, मग डी रंगाचे पैसे का द्यावेत? स्वच्छतेत तो एसआय-1, म्हणजे किंचित दोष असलेल्या प्रतीचा आहे. दहापट भिंगातून कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसते, नुसत्या डोळ्यांनी मला ती शोधूनही सापडली नाही. अहवाल जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षण संस्थेचा आहे आणि त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरला आहे; तो मी भिंगातून स्वतः वाचला आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहिला. दुसऱ्या एका दुकानात आम्हांला त्यांचे स्वतःचेच छापील प्रमाणपत्र दाखवले होते. विकणाऱ्यानेच आपल्या मालाला गुण द्यायचे, हे मला रुचले नाही आणि आम्ही तिथून उठलो.

अर्ध्या कॅरेटबद्दल आई, एवढेच सांगतो, की हिऱ्याचा भाव सोन्यासारखा सरळ वजनाने चढत नाही. 30, 50 आणि 100 सेंट या पायऱ्यांवर दर कॅरेटचा भावच उडी मारतो, त्यामुळे 50 सेंटचा हिरा 34 च्या दीडपटीत कधीच येत नाही.

प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही पाहिला. बाबा, तो खोटा नसतो. तोही कार्बनच, तितकाच कठीण, आणि सुरतेतच त्याला पैलू पडतात. त्याच पैशांत तिप्पट मोठा मिळत होता. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सतत उतरत आले आहेत आणि पेढीवाल्याने तो परत घेण्याबाबत स्पष्ट नकार दिला. हिरा परत विकायचाच नाही असे मी म्हणतो आणि परतीचे भावही विचारतो, हे एकमेकांशी जुळत नाही, हे मला कळते. शेवटी तुमच्या होणाऱ्या सूनबाईंनीच निकाल दिला. म्हणाल्या, "एवढा मोठा खडा घालून तो खरा की खोटा याची उत्तरे मला जन्मभर द्यायची नाहीत."

घडणही त्यांनीच निवडली. आरोग्य केंद्रात दिवसातून कितीतरी वेळा हातमोजे चढवावे लागतात, आणि चार टोकांवर उंच उचलून धरलेला हिरा पहिल्याच दिवशी मोजा फाडील. म्हणून सोन्याच्या पट्टीने चहूबाजूंनी वेढलेले, बोटालगत बसणारे बुटके कोंदण करायला सांगितले आहे. त्यात ती कडेची रेघही झाकली जाईल. सोने 18 कॅरेटचे आहे (इथे कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता), कारण 22 कॅरेटचे मऊ पडते आणि खड्याची पकड ढिली होते. मात्र मासे साफ करताना ही अंगठी काढून ठेवावीच लागेल, हे आई, तू तुझ्या पद्धतीने त्यांना सांग. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. खोबरेल लागलेला हिरा काचेसारखा मंद दिसतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने तो पुन्हा उजळतो.

आता पाटल्यांचे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपली कलमे उन्मळून पडली, तेव्हा बाबा, त्याच पाटल्या तुम्ही बँकेत ठेवल्यात आणि त्या पैशांवर बाग पुन्हा उभी राहिली. बँकेने तेव्हा फक्त सोने तोलले होते. तुझ्या खड्याच्या अंगठीतला खडा त्यांनी हिशेबातच धरला नव्हता, हे आई, तुला आठवत असेल. हिऱ्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि पेढीवर परत नेला तरी घट कापूनच घेतात. म्हणून बाबांचे म्हणणे मला मान्य आहे की हिऱ्यात घातलेला पैसा हा खर्च झालेला पैसा असतो. तो मी माझ्या पगारातून, हौसेसाठी, एकदाच करतो आहे. वादळात उपयोगी पडणारे सोने मोडून तो करायचा नाही.

हिरा लाभतो की नाही ही तुझी शंका राहिली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गुरुजींना विचार, त्यांनी काही सांगितले तर साखरपुड्याआधी अंगठी चार दिवस देवापुढे ठेवू.

बिल 68 हजारांच्या आत आले आहे, त्यात घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी धरला आहे. बाबा, तुम्हांला ताळा करायला आवडते म्हणून नक्कल सोबत जोडली आहे. त्यात खड्याचे वजन वगळून सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहिले आहे ना, आणि हॉलमार्कजवळचा सहा अक्षरी क्रमांक आहे ना, तेवढे पाहा. अंगठी पुढच्या गुरुवारी तयार होईल. शनिवारच्या सकाळच्या एसटीने मी ती घेऊन येतो.

कळावे,
तुमचा मुलगा