ताई, त्या चार वह्यांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतंच ताई. आपल्या रेडिओ स्टेशनवर तरी तुम्हाला नावानं कोण हाक मारत होतं!

मे महिन्यातल्या त्या रविवारी ठाण्याहून लोकल पकडून कोपरखैरण्याला तुमच्याकडे आलो, तेव्हा आपल्या एफएमच्या इतिहासाच्या पुस्तिकेसाठी जेमतेम दीड पानं माझ्या हातात होती. तीही सरकारी छापाची. खासगी एफएमचं २००५चं दुसऱ्या टप्प्याचं धोरण, ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या, दरवर्षी १५ टक्क्यांनी चढणारं आधीचं परवाना शुल्क जाऊन आलेला उत्पन्नातला ४ टक्के वाटा. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावाला खासगी रेडिओ परवडू शकला तो याच हिशेबामुळे. पण एवढ्यावर पुस्तिका निघते होय?

बाकी काही उरलंच नव्हतं. प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपायचं असा नियम, आणि आपण नियमापेक्षा एक दिवस जास्त काही जपलं नाही. संगणक बदलले तेव्हा गाण्यांच्या याद्याही गेल्या. जुन्या मंडळींना फोन लावले, तर पहिलं गाणं कोणतं वाजलं यावर चौघांची पाच मतं!

तुम्ही चहा टाकलात आणि मला स्टुलावर चढवून माळ्यावरची पिशवी काढायला लावलीत. आत चार फुलस्केप वह्या. गाणं एकही नाही, सगळ्या जाहिराती. तारीख, वेळ, दुकान, सेकंद. चुकलेला स्पॉट, म्हणजे ठरल्या वेळची जाहिरात, लाल शाईत. ‘सकाळी ८.१०, साडी सेंटर, २० सेकंद. लाइट गेली. ९.४०ला दिला.’ ते पान वाचताना मला जनरेटरचा वास आला, खरंच सांगतो.

जूनमध्ये वह्या-दप्तरं आणि रेनकोट, दिवाळीत फटाके नि फर्निचर, लग्नसराईत सराफ. मग हळूहळू मोबाइलची दुकानं, त्यांच्या मागून क्लासेस. थिएटरची जाहिरात दुसऱ्या वहीत अर्ध्यावर थांबते ती पुन्हा येत नाही. गाव कसं बदललं ते या रकान्यांत सापडलं. आणि ‘पैसे बाकी, पेढे दिले’ ही नोंद! ते पेढे मीही खाल्लेत, कुणाच्या उधारीचे ते आज कळलं.

चौथ्या वहीनं मात्र जीव खाली-वर केला. दुपारच्या रकान्यात नुसतंच ‘बाहेरून’. एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यात कंपन्यांना स्वतःच्या देशभरच्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा मिळाली. आधी ती लहान शहरांपुरती आणि आपापल्या विभागातच होती. आपल्याकडे आधी दुपार गेली, मग रात्र. धोरणाचा कागद मी दहा वेळा वाचला असेन, पण आपले तास कसे गेले हे तुमच्या त्या एका शब्दानं दाखवलं.

एक कबुली. माझ्या लिंकवर, म्हणजे गाण्यांमधल्या बोलण्यावर, कात्री चालवून तुम्ही स्पॉट घुसवायचात, तेव्हा मी तुमच्या नावानं बोटं मोडायचो. ‘तुझ्या बडबडीनं पगार होत नाहीत’ असं तुम्ही एकदा काचेपलीकडून म्हणाला होतात. माझी बडबड कुठेच उरली नाही, तुमचे वीस-वीस सेकंद उरले. पुस्तिकेतला अर्ध्याहून जास्त मजकूर त्यांतूनच आलाय.

वह्या कागदात गुंडाळून ठेवल्यात. येत्या रविवारी घेऊन येतो. तिसऱ्या वहीत एका शिलाई मशीनच्या दुकानासमोर दर सोमवारी पेन्सिलीनं फुली आहे आणि रक्कम कुठेच नाही. तो स्पॉट फुकट चालवत होतात का, ताई?

तुमचा,
सकाळच्या पाळीतला बडबड्या
नौपाडा, ठाणे