बेनझीर व्हिलाच्या भिंती चढण्यासाठी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात राधानगरी जलाशयातल्या बेनझीर व्हिलाची बातमी वाचली. छायाचित्रात भिंतीवर उभी राहिलेली पोरं पाहून जीव कळवळला. आणि वर मथळा, 'सहलीसाठी नवे ठिकाण'! कोल्हापूरच्या शाहू महाराजांची ही वास्तू पाण्यात राहून राहून खिळखिळी झाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की ती चार दिवस श्वास घेते, तेवढ्यात आपण तिच्या डोक्यावर चढायचे?

गेल्या वर्षी मे महिन्यात वडिलांना घेऊन गेलो होतो. भेगाळलेल्या गाळातून चालताना त्यांचे पाय लटपटत होते, तरी त्यांना जायचेच होते. माझे आजोबा संस्थानच्या शिकारीत हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवायला, जात. दाजीपूरचे रान तेव्हा छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव. हाका उठेपर्यंत मचाणाखाली कुणी खोकायचेसुद्धा नाही, हे वडिलांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेले. आम्ही पोचलो तेव्हा आत स्पीकर दणाणत होता आणि एक जण मोटारसायकलच्या किल्लीने भिंतीवर नाव कोरत होता. वडिलांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो हसला आणि नावाभोवतीचा बदाम पुरा करूनच उठला. परतीच्या वाटेवर वडील एक शब्द बोलले नाहीत.

मी दोन कार्यालयांत अर्ज दिले. एक म्हणाले, वास्तू पाण्यात आहे, आमच्याकडे येत नाही. दुसरे म्हणाले, पाणी उतरल्यावर आमचा संबंध नाही. आवक शिक्क्याच्या दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. मागणी काय होती? उन्हाळ्यापुरता एक पहारेकरी आणि एक फलक. शेजारच्या रानाला १९५८ साली राज्यातले पहिले अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. या वास्तूला एक माणूस मिळू नये?

तुमच्या बातमीत गाडी कुठपर्यंत जाते, तिथून किती चालायचे, सगळे आहे. भिंतींवर चढू नका, एवढे एक वाक्य नाही. ते येत्या रविवारच्या आत, त्याच पानावर छापावे, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. त्याच बातमीत गव्याला दोनदा 'गवारेडा' म्हटले आहे. रेडा म्हशीच्या कुळातला, गवा गाय-बैलांच्या. ज्याच्यासाठी हे अभयारण्य झाले, त्याचे नाव तरी नीट छापा.

आपला,
एक जुना वाचक, राधानगरी