पार्कपासून २.४ किलोमीटर : चुकीचं अंतर, लपवलेलं शुल्क आणि परताव्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
हॉटेल बुकिंग विभाग

विषय : खोपोलीजवळच्या लॉजचं इमॅजिका या मनोरंजन पार्कपासूनचं अंतर चुकीचं दाखवल्याबद्दल तक्रार व ४,२६६ रुपयांच्या परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या ॲपवरून मी खोपोलीजवळच्या एका लॉजमध्ये दोन रात्रींसाठी खोली घेतली होती. बुकिंग क्रमांक, पावत्या आणि स्क्रीनशॉट या मेलसोबत जोडले आहेत. ही खोली पार्कपासून २.४ किलोमीटरवर आहे, असं आपल्या ॲपने सांगितलं. प्रत्यक्षात रस्त्याने ती ११ किलोमीटरवर निघाली. मी एका शाळेच्या ऑफिसात हिशोब बघते, त्यामुळे आकड्यात थोडंफार इकडेतिकडे होतं हे मला समजतं. हे थोडंफार नाही.

आपलं ऑफिस कुठे आहे मला माहीत नाही, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला हे पार्क म्हणजे सकाळी निघून रात्री घरी. आम्हा नागपूरकरांचं तसं नाही. संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरायची, पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून लोकलने कर्जत आणि कर्जतहून खोपोली. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाला हे खरं. पण ७०१ किलोमीटर गाडी हाकायची, पुढे खोपोली गाठायची आणि वर मुलांसोबत रोलर कोस्टरवर बसायचं, हे आमच्या मिस्टरांच्या कंबरेला झेपणारं नाही. म्हणजे मुक्काम आलाच. पार्कला लागून असलेलं मोठं हॉटेल आमच्या खिशाबाहेरचं. लोणावळ्यात खोल्या हव्या तेवढ्या, पण रोज घाट उतरा आणि चढा. पालीला बल्लाळेश्वराचं भक्तनिवास आहे, सासूबाईंचा कल तिकडेच होता, पण पाली पार्कपासून बरीच दूर. राहता राहिलं खोपोली आणि खालापूर.

तारखाही आम्ही विचार करूनच निवडल्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या जूनच्या मध्यालाच. तेवढ्या मधल्या दिवसांत पार्कात गर्दी कमी असते आणि खोल्यांचे दरही उतरलेले असतात. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने याहून जास्त काय तयारी करायची?

खोली जवळच हवी, याला कारण होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि धाकटा अजून दुपारी झोपतो. सकाळी सगळ्यांनी पार्कात जायचं, जेवणानंतर आजी-नातवाने खोलीवर येऊन पडायचं आणि संध्याकाळी मिस्टरांनी त्यांना परत घेऊन यायचं, असा बेत होता. पुन्हा आत सोडतात का, हेसुद्धा मी आधी विचारून घेणार होते. पण जवळची खोलीच नसेल तर विचारायचं काय?

आपल्या ॲपवर मी ‘अंतर’ या क्रमाने यादी लावली. खोपोली स्टेशनजवळ २,३०० रुपयांची चांगली खोली होती, पण ती यादीत बरीच खाली, कारण तिचं अंतर जास्त दिसत होतं. सगळ्यात वर हा लॉज. रात्रीला १,८०० रुपये, ‘पार्कपासून २.४ किमी’, ‘पिकअप-ड्रॉप उपलब्ध’. त्याखाली लाल अक्षरांत ‘शेवटची १ खोली! आत्ता ११ जण बघत आहेत’. मी बुक केली.

खोपोली स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस दणकून पडत होता. रिक्षावाल्याला लॉजचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, पार्कला जायचंय ना? मग तिकडे कशाला राहताय? ते उलट्या बाजूला आहे.” मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या लॉजवर न्यायचा बेत असेल. मी मोबाइलवरचा २.४ चा आकडा त्याच्या पुढे धरला. तो हसला आणि गाडी सुरू केली.

लॉज नीटनेटका होता, हे इथे सांगते. चादरी धुतलेल्या, गरम पाणी वेळेवर, आणि जेवणात तांदळाची भाकरी इतकी मऊ की घरी गेल्यावर मुलं तीच मागत होती. बारा वाजायच्या आत आल्यावरही त्यांनी कुरकुर न करता खोली उघडून दिली. माझी तक्रार त्या लॉजविरुद्ध नाही.

मुलं सामान टाकून थेट गच्चीवर पळाली. समोर धुकं जरा विरळ झालं तेव्हा पार्कमधल्या रोलर कोस्टरची कमान दिसली. मोठी ओरडली, “आई, ते बघ, एवढंसं तर आहे!” खरंच एवढंसं होतं. मधे भाताची खाचरं, कुंपणं आणि पावसाने तुडुंब भरून वाहणारा ओढा. त्यावर ना पूल, ना पायवाट. आमच्या अंबाझरी तलावाच्या या काठावरून पलीकडचा माणूस दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला तलावाला वळसा घालावा लागतो. आपल्या ॲपने आम्हाला तलावातून चालत जायचं अंतर सांगितलं. पक्ष्याला ते लागू पडेल. सासूबाईंना नाही.

मॅनेजरला विचारलं तर तो बिचारा स्वतःच वैतागलेला. त्याने काउंटरवरच्या मोबाइलवर आपल्या ॲपचं हॉटेलवाल्यांसाठी असलेलं पान उघडून दाखवलं. तिथे पत्ता भरायची जागा आहे, नकाशावर खूण लावायची सोय आहे, पण अंतर भरायची जागाच नाही. तो म्हणाला, “मॅडम, हे अंतर आम्ही टाकतच नाही. ते तुमचं ॲप आपलं आपण काढतं. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो.” म्हणजे ती खूण आणि पार्क यांच्यामध्ये सरळ रेषा ओढून आकडा छापायचा, हे काम आपलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

त्याच काउंटरमागे खोल्यांच्या चाव्यांचा लाकडी फळा होता. पितळी बिल्ले लावलेल्या चाव्या, वरच्या रांगेपासून खालपर्यंत जवळजवळ सगळ्या आपापल्या खिळ्यांवर. शेवटची एक खोली उरली होती म्हणे. आणि ते ११ जण अजूनही बघतच बसले असावेत.

पिकअप-ड्रॉप होता. पण काचेखाली लॅमिनेट करून ठेवलेल्या कागदावर त्याचा दर लिहिलेला : एका वेळचे ७०० रुपये. ‘उपलब्ध’ आणि ‘मोफत’ यातला फरक मला कळतो. पण २.४ किलोमीटरला कोण ७०० घेतं? ११ किलोमीटरला, पावसात, गाडी परत रिकामी येणार असेल तर घेतात. दर वाजवी होता, अंतर खोटं होतं.

दुसरं प्रकरण माणसांचं. बुकिंग करताना मी तीन मोठे, दोन लहान, मुलांची वयं, सगळं भरलं होतं आणि दर त्यावरच दाखवला गेला होता. लॉजच्या पानावर मात्र आमचं बुकिंग ‘२ मोठे, २ लहान’ असं पोहोचलेलं. सासूबाईंच्या गादीचे रात्रीला ५०० रोख द्यावे लागले. सासूबाईंनी तेवढ्यात म्हणून घेतलं, “मले तर मोजलंच नाही जी यांनी.” आम्ही हसलो, पण पैसे द्यायचे ते दिलेच.

पार्कबद्दल काही म्हणायचं नाही. मुलं राजासॉरसच्या राइडवरून चिंब होऊन बाहेर आली आणि पुन्हा रांगेत लागली. हा डायनासोर आपल्याकडचाच, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला, हे मोठीने शाळेत वाचलं होतं आणि ती ते रांगेतल्या अनोळखी लोकांना ऐकवत होती. पण दुपारचा बेत कोलमडला. ७०० जायचे आणि ७०० यायचे देऊन कोण डुलकी काढायला खोलीवर जाईल? धाकटा आजीच्या मांडीवर झोपला आणि आजी दिवसभर बाकावर बसून राहिली. संध्याकाळी पार्क सुटलं तेव्हा पाऊस इतका होता की लॉजच्या गाडीवाल्याला फोन लागेना. गेटबाहेर जी रिक्षा यायची ती खोपोलीची सवारी घेऊन निघून जायची. मिस्टर एकाला म्हणाले, “चल ना भाऊ, पोट्टे भिजून राहिले.” तो म्हणाला, “खोपोलीला असतं तर आत्ता बसवलं असतं, तिकडे नाही जमणार.” मी सोडलेली २,३०० रुपयांची खोली खोपोलीतच होती.

आता हिशोब. खोलीचं भाडं दोन रात्रींचं ३,६००. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर त्याखाली ‘कर व शुल्क’ म्हणून ६४६ रुपये एका ओळीत आले. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे १८० रुपये. उरलेले ४६६ आपले. ते पहिल्या पानावर कुठेही नव्हते, आणि कर व शुल्क एकाच ओळीत घातल्यामुळे माणसाला वाटतं सगळं सरकारच घेतंय. गाडीचे पार्कच्या दोन दिवसांचे २,८००. गादीचे १,०००. भाडं आणि जीएसटी सोडून हा वरखर्च एकूण ४,२६६ रुपये, म्हणजे खोलीच्या भाड्याहून जास्त. यादीतली सगळ्यात स्वस्त दिसणारी खोली आम्हाला महाग पडली ती अशी.

लॉजवरूनच मी आपल्या कस्टमर केअरला तक्रार केली. आधी चॅटवर यंत्राशी बोलणं झालं. त्याने माझ्या प्रत्येक वाक्यावर ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ म्हटलं. मग एका माणसाने हिंदीत सांगितलं की आपण फक्त मध्यस्थ आहात, माहिती हॉटेलची असते, आणि ‘गुडविल’ म्हणून २५० रुपयांचं कूपन देता येईल. कूपन ३,००० रुपयांच्या पुढच्या बुकिंगलाच चालतं. म्हणजे आपल्या चुकीची भरपाई मिळवायला मी आपल्यालाच आणखी पैसे द्यायचे.

मध्यस्थाचा मुद्दा मला मान्य नाही. अंतर आपल्या ॲपने काढलं, लॉजने नाही. ‘शेवटची १ खोली’ आपल्या ॲपने लिहिलं. तीन मोठ्या माणसांचे दोन आपल्या ॲपने केले. ४६६ रुपये आपल्याच खात्यात गेले. यातलं हॉटेलचं काय आहे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला भुलवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, या दोन्हींची नावं घेऊन मनाई आहे. ती आपल्या कायदा विभागाला माहीत असतीलच.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या यादीत अंतर रस्त्याने दाखवा. नकाशा आपल्याकडे आहे, मॅनेजरच्या मोबाइलमध्ये तो मला दिसला. गाडीने किती वेळ लागतो हेही त्याच नकाशाला कळतं. अंतराच्या क्रमाने लावलेली यादी हवाई अंतरावर चालत असेल, तर लांबून, पहिल्यांदा येणारा माणूस दर वेळी फसणार, कारण तो ओढा त्याने पाहिलेला नसतो. खोपोलीचा माणूस आपलं ॲप उघडून खोपोलीत खोली शोधत नाही.

पत्र लिहिण्याआधी मी पुन्हा पाहिलं. तो लॉज आजही २.४ किलोमीटरवर आहे आणि आजही त्याची शेवटची एक खोली शिल्लक आहे. हा स्क्रीनशॉटही तारखेसह जोडला आहे.

तरी ४,२६६ रुपये माझ्या ज्या खात्यातून बुकिंगचे पैसे गेले त्याच खात्यात परत करावेत, कूपन नको. त्या लॉजचं अंतर तात्काळ दुरुस्त करावं, आणि कर किती व आपलं शुल्क किती हे वेगवेगळं दाखवणारं बिल मला पाठवावं. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. महिना उलटला तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. आपल्या वकिलांना मात्र नागपूरला यावं लागेल. त्यांनी खोली शोधताना अंतर रस्त्याने मोजून घ्यावं.

उत्तर मराठीतून आणि लेखी द्यावं. फोन केला तरी चालेल, पण दुपारी दोननंतर, तोवर मी शाळेत असते.

आपली ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर